काचेवरचे कागद

एका रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांशी धर्मग्रामातील एका बाईंनी आम्हास थांबविले. त्यांचा थोरला मुलगा चौदा वर्षे कुवेतमध्ये नोकरीस आहे. येत्या नाताळापर्यंत तो कायमचा घरी परतणार. तेथे त्याची एक चांगली मोटार आहे. “ती इकडे आणता येईल का हो? आणि आणलीच, तर तिचे स्टेअरिंग डाव्या बाजूला. मग काचेवर लावायचे ते सरकारी कागद डावीकडे लावायचे की उजवीकडे? तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला ठाऊक असेल.”

पेपरात लिहिणाऱ्यास सर्व ठाऊक असते, ही समजूत आमच्या वाचकांनी इतक्या मायेने जपली आहे की ती मोडण्याचे धैर्य आम्हास होत नाही. “चौकशी करून सांगतो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. प्रश्नाच्या पहिल्या भागास काही वजन होते. दुसरा भाग मात्र आम्हास जरा पोरकट वाटला. कागद काचेच्या या कोपऱ्यात लावला काय आणि त्या कोपऱ्यात लावला काय, त्यात विचारण्यासारखे असे ते काय?

ते काय, हे आम्हास ग्वाल्हेरच्या माधवगंजात कळले.

आमचे एक जुने स्नेही तेथे राहतात. तरुणपणी आम्ही मुंबईस एकाच वसतिगृहात होतो. पुढे ते आपल्या गावी परतून शाळामास्तर झाले व आता निवृत्त आहेत. बरीच वर्षे “या, या” असा त्यांचा लकडा चालला होता. अखेर कल्याणहून पंजाब मेलने आम्ही निघालो. ग्वाल्हेरचा जो भाग लष्कर म्हणून ओळखला जातो, तो १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढला. छावणी उठली नाही, तिचेच शहर झाले, आणि फौजेबरोबर आलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. माधवगंज हा याच लष्करचा भाग. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांस खेटून, आणि कुठल्याही कोपऱ्यावरून सायकल, हातगाडी किंवा गाय केव्हा पुढे येईल याचा नेम नाही. घरातली भाषा मराठी, उंबऱ्याबाहेरची हिंदी. मास्तरांच्या बोलण्यात तर दोन्ही एकाच वाक्यात नांदतात.

मोटारीच्या कागदांविषयी शिकावयास याहून योग्य गाव मिळणे कठीण. मध्य प्रदेश राज्य १९५६ मध्ये झाले तेव्हा राजधानी भोपाळला गेली. परंतु परिवहन आयुक्तांचे मुख्यालय ग्वाल्हेरलाच राहिले, ते आजतागायत. शिवाय १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला तेथील मेळा. अलीकडे अनेक वर्षी त्या मेळ्यात घेतलेल्या गाडीच्या करात निम्मी सूट मिळाल्याने लांबलांबचे लोक तेथे मोटारी घ्यावयास आले. थोडक्यात, एम.पी. ०७ या अक्षरांची तेथे कमतरता नाही.

मास्तरांच्या दारात मात्र मेळ्यातली नवी मोटार नव्हे, एक जीप उभी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेल्या या जीपगाड्या सगळ्या डाव्या स्टेअरिंगच्या. युद्ध संपल्यावर लष्कराने त्या मोठ्या संख्येने विकून टाकल्या. त्यांतलीच ही एक मास्तरांच्या वडिलांनी घेतली. पुढे स्वातंत्र्याच्या काळात महिंद्रांनी मुंबईस विलीज जीप जोडण्यास आरंभ केला, आणि खेड्यापाड्यांतील लोकांस हे वाहन परिचयाचे झाले. जुन्या जीपच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पांढरी अक्षरे रंगविलेली आमच्या वयाच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. मास्तरांच्या जीपवर ती अजून आहेत. दर दिवाळीस त्यांवर नवा रंग चढतो.

त्या अक्षरांचे कारण आम्ही मास्तरांस विचारले, तेव्हा त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. “हात बाहेर काढून दाखवा,” ते म्हणाले. आम्ही डाव्या बैठकीवर बसून उजवा हात बाहेर काढू लागलो, तो शेजारच्या बैठकीवरच राहिला. पूर्वी वळण्याची खूण चालक उजवा हात खिडकीबाहेर काढून करीत असे. डावीकडे बसणाऱ्याचा उजवा हात रस्त्याच्या मध्याकडे पोहोचतच नाही. मागून येणाऱ्यास त्याचा मनसुबा कळावा कसा? म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम असे सांगते की, डाव्या स्टेअरिंगची गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवावयाची तर तिला यांत्रिक किंवा विजेवर चालणारे, आणि चालू स्थितीत असलेले, इशाऱ्याचे साधन हवेच. अशी गाडी चालविणे हा गुन्हा नव्हे. मुकाट्याने वळणे हा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजबाड्याकडे जावयाचे ठरले. गाडी नातू चालविणार होता. नातू महाविद्यालयात शिकतो, परवाना घेऊन दोन वर्षे झालेली, हात चांगला. आम्ही शेजारी उजवीकडे बसलो, मास्तर मागे. बसताच एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या जीपची पुढची काच अखंड नसते. मध्ये एक दांडी आणि दोन्ही बाजूंस एकेक तुकडा. आमच्या पुढचा तुकडा निर्मळ होता, त्यातून सगळी गल्ली दिसत होती. नातवापुढच्या तुकड्यावर मात्र कागदांचे प्रदर्शन मांडलेले. वरच्या कोपऱ्यात नंबरप्लेटबरोबर मिळणारा निळसर स्टिकर, त्याखाली टोलनाक्याचा फास्टॅग, त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटविलेली विम्याची प्रत, तिच्या शेजारी पीयूसीचा कागद, खाली कॉलेजचा वाहनतळाचा पास, आणि उरल्या जागेत गणपती. पोराने मधल्या वीतभर जागेतून पाहावे, अशी व्यवस्था.

“हे सगळे एकाच बाजूला का?” आम्ही विचारले.

“काका, नियम डाव्या बाजूचा आहे ना,” नातू म्हणाला. “स्टिकर लावणाऱ्याने सांगितले, कागद लेफ्टलाच. म्हणून सगळे लेफ्टलाच लावले.”

पहिल्याच वळणावर ते घडले. जीप डावीकडे वळत होती, चाल माणसाच्या चालीएवढीच. डाव्या गल्लीतून शिकवणीहून परतणारी एक मुलगी सायकलवर आली. ती आम्हास दिसली. जो गाडी चालवीत होता त्यास दिसली नाही. आम्ही ओरडलो, त्याने ब्रेक दाबला, तरीही जीपच्या पुढच्या कोपऱ्याचा धक्का सायकलच्या चाकास लागला आणि मुलगी खाली पडली. प्रभूच्या कृपेने कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु ती पडली आणि उठली यांमधला जो क्षण, त्यात त्या पोराचा चेहरा कसा झाला होता, हे आम्ही लिहू शकत नाही.

माणसे जमली. चौकातला हवालदारही आला. त्याने मुलीस बाजूच्या ओट्यावर बसविले, पाणी दिले, मग कागद मागितले. नातवाने काचेकडे बोट दाखविले : सगळे तर लावलेलेच आहे. हवालदार जीपच्या पुढे उभा राहून वाचू लागला, आणि वाचता वाचता थांबला. म्हणाला, “मास्टरजी, बीमा तो खतम है.”

विम्याची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. तारीख काचेवर होती. अकरा दिवस ती साऱ्या माधवगंजास दिसत होती, एका त्या घरातल्या माणसांखेरीज! कारण कागदाचे तोंड बाहेर. आत बसणाऱ्यास त्याची कोरी, उन्हाने पिवळी पडलेली पाठ तेवढी दिसे.

या अकरा दिवसांचा अर्थ काय, तोही सांगितला पाहिजे. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणास इजा झाली तर त्यास भरपाई मिळावी म्हणून जो विमा असतो, तो कायद्याच्या १४६ व्या कलमाने प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढे ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे १९६ वे कलम सांगते. पण दंड ही यातली लहान गोष्ट. त्या मुलीचा पाय मोडला असता, किंवा याहून वाईट काही झाले असते, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती मास्तरांच्या घरातून जावयास हवी होती. आणि मास्तरांपाशी नसती, तर मुलीच्या आईबापांच्या हाती निकालाचा कागद तेवढा राहिला असता. आमच्या गावातील किती घरांच्या स्कूटरी व रिक्षा आज विम्याविना फिरत असतील, ही मोजदाद आम्ही करू इच्छीत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा हा विमा एकदम तीन वर्षांचा व नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा उतरविला जातो. इतक्या काळात घरातली माणसे विमा नावाची वस्तू विसरून जातात, आणि मुदत संपते तेव्हा आठवण करून देणारे कोणीच नसते.

हवालदाराने रीतसर चलन केले. मुलीस डॉक्टरांकडे नेले, कोपराचे चित्र काढले, हाड शाबूत निघाले. सायकलचे चाक मास्तरांनी नवे बसवून दिले. संध्याकाळी ते मुलीच्या घरी जावयास निघाले, नातवास बरोबर घेऊन, आम्हीही गेलो. मुलीचा बाप ई-रिक्षा चालवितो. मास्तरांनी बसता बसताच सांगून टाकले की गाडीचा विमा संपलेला होता, चूक आमची आहे, पुढे मुलीस काही दुखले तर खर्च आमचा. गृहस्थ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे तुम्ही कशाला सांगितलेत? मी विचारले नव्हते.” मास्तर म्हणाले, “हवालदार सांगणारच होता.” हे काही खरे कारण नव्हे, हे त्या घरातल्या सर्वांस समजले. मुलीच्या आईने चहा ठेवला.

घरी परतल्यावर मास्तर, नातू व आम्ही असे तिघे फोनवर नियम उघडून बसलो. त्या रात्री जे कळले ते सांगावयाचे म्हणजे बाईंच्या ‘पोरकट’ प्रश्नाचेच उत्तर देणे होय.

काचेवर काय असावे याविषयी कायद्याचे मागणे फार थोडे आहे. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीस उच्च सुरक्षेची नंबरप्लेट येते; जुन्या गाड्यांसही ती लावून घेण्याचे हुकूम निरनिराळ्या राज्यांनी काढले, आणि महाराष्ट्रात तर तिची मुदत २०२५ मध्ये पुनःपुन्हा वाढवावी लागली. पुढची एक, मागची एक, आणि तिसरी म्हणजे काचेच्या आतून लावावयाचा स्टिकर. दहा सेंटिमीटर लांब, सहा रुंद. त्यावर नोंदणी कचेरीचे नाव, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा व चॅसिसचा क्रमांक. पेट्रोल किंवा सी.एन.जी.च्या गाडीस फिका निळा, डिझेलच्या गाडीस नारिंगी. काढू गेल्यास तो फाटून निकामी होतो, म्हणून एका गाडीचा दुसरीस लावता येत नाही. याची जागा डाव्या बाजूचा वरचा कोपरा. दुसरी वस्तू फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर चारचाकी गाड्यांस तो सक्तीचा आहे. तो काचेस आतून चिकटविलेलाच हवा; हातात धरून दाखविणाऱ्याकडून दुप्पट पैसे घ्यावेत, अशी सूचना २०२४ च्या जुलैत निघाली, आणि २०२५ च्या जुलैत तर असे सुटे टॅग काळ्या यादीत घालण्याचे ठरले.

खाजगी मोटारीच्या काचेवर सरकारचा हक्क एवढाच. परवाना, नोंदणीपत्र, विमा, पीयूसी हे मागितल्यावर दाखवावयाचे कागद आहेत, टांगून ठेवावयाचे नव्हेत. २०१८ च्या नोव्हेंबरात नियम दुरुस्त होऊन ते फोनमध्येही दाखविता येऊ लागले. फक्त ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांत उतरलेले असावेत. कागदाचे आपणच काढलेले छायाचित्र त्या योग्यतेचे नव्हे. म्हणजे मास्तरांच्या काचेवरील सहा वस्तूंपैकी चार उगाच होत्या. आणि त्या चारांनीच ती मुलगी झाकली होती.

आता डाव्या कोपऱ्याचे गूढ. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून गाडीची डावी बाजू पदपथाकडे येते. वाचणारा मनुष्य तेथे उभा असतो. आणि आपले चालक उजवीकडे बसतात, म्हणून तोच कोपरा चालकाच्या डोळ्यांपासून सर्वांत दूर पडतो. एकाच कोपऱ्यात दोघांची सोय. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीत मात्र ही दोन कारणे एकमेकांपासून फुटतात : वाचणाऱ्याची जागा तीच राहते, चालक मात्र येऊन बसतो नेमका त्याच कोपऱ्यामागे. मग नियम कोणाकडे पाहतो? तो रस्त्याकडे पाहतो. स्टेअरिंग कुठे आहे हे तो विचारीत नाही. ब्रिटनमध्ये कर भरल्याची गोल चकती १९२१ पासून गाडीच्या काचेवर लावीत, ती २०१४ च्या १ ऑक्टोबरला रद्द झाली. तेथेही चकतीची जागा पदपथाकडची बाजू. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीस त्यात सवलत नव्हती.

रस्त्याची बाजू व स्टेअरिंगची बाजू यांची जोडी प्रत्येक ठिकाणी जमलेली असते असेही नाही. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत लोक डावीकडून चालत आणि बहुतेकांच्या गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या. ब्रह्मदेशाने १९७० मध्ये एकदम उजवी बाजू धरली, तरी पुढे अनेक वर्षे गाड्या उजव्या स्टेअरिंगच्याच राहिल्या. आमच्या शेजारचे गोवे पाहा. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवीकडून चालावयास आरंभ केला. पण त्यांच्याच सत्तेतील गोवे, जमिनीकडच्या बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थानने वेढलेले, डावीकडूनच चालत राहिले. तेवढी एक अडचण १९६१ मध्ये वाचली!

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोमट पाणी व एक बोथट सुरी घेतली. कॉलेजचा पास प्रथम निघाला, मग पीयूसी, मग विम्याचा तो अभागी कागद. गणपतीस नातवाने फळीवर, काचेच्या खाली जागा दिली. फास्टॅगची खरी जागा काचेच्या मध्यावर, वरच्या बाजूस. चुकीच्या ठिकाणचा काढून रीतसर नवा मागविला, तो मधल्या दांडीलगत उजव्या तुकड्यावर लागला. निळसर स्टिकरास मात्र कोणी हात लावला नाही. तो जेथे आहे तेथेच कायद्याने असावयाचा. तेवढा एकटा वरच्या कोपऱ्यात राहिला तर फक्त आकाशाचा एक तुकडा झाकतो. नातवाने बैठकीत बसून पाहिले, म्हणाला, “आजोबा, अब पूरी गली दिखती है.” विमा त्याच दिवशी दुपारी उतरविला. पुढल्या वर्षीची तारीख मास्तरांच्या वहिनीबाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात लिहिण्याची तयारी दाखविली. पण पुढल्या वर्षीचे पंचांग अजून छापून यावयाचे होते, म्हणून ती तूर्त दाराच्या मागे खडूने लिहिली गेली.

जीपपुढे आणखी एक प्रश्न उभा आहे. २०२१ च्या जुलैतील नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग ती गाडी प्रदर्शनास, मेळाव्यास, दुरुस्तीस वा तेल भरावयास तेवढीच रस्त्यावर न्यावयाची, रोजच्या कामास नाही. साधी नोंदणी ठेवावी, तर २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढील हलक्या मोटारीचे नूतनीकरण १०,००० रुपयांवर गेले आहे, आणि ते पाच-पाच वर्षांनी. मास्तर म्हणतात, गल्लीतल्या कोणास रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावयाचे झाले तर ही म्हातारी कामास येते, हिला देव्हाऱ्यात बसवून काय करू? आम्हास त्यांचे म्हणणे पटले. तरी पण डाव्या स्टेअरिंगची गाडी गर्दीच्या रस्त्यावर चालविणे धोक्याचे, हेही आम्ही त्यांस सांगितले. पुढच्या ट्रकास मागे टाकावयाचे झाले की समोरून काय येते हे चालकास दिसतच नाही. शेजारी बसलेल्याने सांगावे लागते. “म्हणून तर तुम्हाला शेजारी बसवले होते,” मास्तर म्हणाले.

रविवारी आम्ही ग्वाल्हेरच्या देवळात मिस्सास गेलो. हे धर्मप्रांत १९९९ मध्ये स्थापन झाले. तेथील दुसरे बिशप, पॅलोटाइन संघाचे थॉमस थेन्नाट, १४ डिसेंबर २०१८ रोजी शिवपुरी जिल्ह्यातील पोहरी येथून परत येत असता मोटार अपघातात मरण पावले. मेंढपाळ रस्त्यावर गेला, ही आठवण त्या कळपात ताजी आहे. आम्ही त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. आणि गुडघ्यांवर असताना, खरे सांगावयाचे तर, आमच्या डोळ्यांपुढे सारखी ती सायकल येत होती. वाचकांपैकी काहींस आठवत असेल, २००७ च्या जून महिन्यात व्हॅटिकनने वाहन चालविणाऱ्यांसाठी दहा आज्ञा काढल्या. त्यांतली पहिली सिनाय पर्वतावरचीच, खून न करण्याची. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या आज्ञांची थोडी थट्टाही केली. माधवगंजातल्या त्या वळणावर उभे राहिल्यावर थट्टा सुचत नाही.

आणि आपण ख्रिस्ती लोक तरी काचेच्या बाबतीत कुठे निर्दोष आहोत? आमच्या गावची कुठलीही गाडी पाहा. आरशास मोठी जपमाळ लोंबते, ती प्रत्येक वळणास डोळ्यांपुढून झोके घेते. काचेवर पवित्र हृदयाचे चित्र, त्याच्या शेजारी वेलंकणी मातेचे, खाली फुटबॉलच्या संघाचे. नव्या गाडीवर आशीर्वाद मागावयास आपण धर्मगुरूंकडे जातो, ही उत्तम चाल आहे. परंतु संत ख्रिस्तोफरने प्रवाशास खांद्यावर घेऊन नदी पार केली, अशी कथा आहे. त्याने प्रवाशाचे डोळे झाकले, असे कुठे ऐकिवात नाही. जपमाळ खिशात ठेवली तरी ती जपमाळच असते. गाडीच्या काचेतून किती उजेड आला पाहिजे याचेही नियम आहेत : पुढच्या काचेतून शेकडा ७०, बाजूच्या काचांतून शेकडा ५०, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटविण्यास बंदी केली ती याच विचाराने की, आतबाहेर दिसले पाहिजे.

घरी परतल्यावर आम्ही बाईंकडे गेलो. उत्तर आता आमच्यापाशी होते. दुर्दैवाने ते त्यांना आवडेल असे नव्हते. कुवेतमध्ये, आणि आमची मुले आखातात जेथे जेथे कामास जातात त्या साऱ्या देशांत, वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात व गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या असतात. आपल्या आयातीच्या नियमांप्रमाणे कायमची आणावयाची मोटार नवी असो वा वापरलेली, तिचे स्टेअरिंग उजवीकडेच हवे. वापरलेली असल्यास ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि मुंबई बंदरातूनच उतरावी. जकातीची गोष्ट तर वेगळीच. तेव्हा ती गाडी येत नाही. पाहुणी म्हणून तेवढी येऊ शकते. परदेशात नोंदलेली खाजगी गाडी काही काळ भारतात फिरविण्याचे नियम २०२२ मध्ये निघाले आहेत. त्यांप्रमाणे नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि तेथे देत असल्यास प्रदूषणाचा दाखला सदैव गाडीत बाळगावा लागतो. कागद अरबीत असतील तर त्यांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर मूळ प्रतीसह. आणि त्या गाडीतून येथले भाड्याचे प्रवासी वा माल नेता येत नाही. पण हा खटाटोप फिरस्त्यांसाठी. घरी परतणाऱ्या मुलाच्या तो उपयोगाचा नाही.

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. चौदा वर्षांत मुलाने घेतलेली ती एकच वस्तू होती, जी त्याने स्वतःसाठी घेतली. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तिकडेच विकावी लागेल. आज रात्री फोन आला की सांगते त्याला.” उठता उठता त्यांना काही आठवले. “जाताना फादरांकडून आशीर्वाद घेऊन दिलेले ख्रिस्तोफरचे चित्र त्याच्या गाडीच्या काचेला आहे. ते तरी काढून आणता येईल ना?”

त्यास जकात पडत नाही, असे आम्ही त्यांस सांगितले.